बावीस बाटल्या

बोंडवांचा रस पेजेच्या निवळीनं नितळला,
तुरटपणा खाली बसला, वर पिवळं ऊन राहिलं.
चार रात्री मांगरात, ओल्या फडक्याखाली
तो स्वतःशीच बोलत होता,
बारीक, दातांतून.

पाचव्या सकाळी बावीस बाटल्यांत भरला.
सोळा बिअरच्या, जाड, तपकिरी, शिरोड्याच्या भंगारवाल्याकडून,
पाच सरबताच्या,
आणि एक गुलाबपाण्याची, नाजूक, उगाच जपून ठेवलेली.
बुचं ठोकली. तीन दिवस थांबले.
गोड राहायला हवा होता, आणि फसफसायलाही.
दोन्ही हवं असणं, इथंच सगळी गोम.

खमीर जिवंत ठेवलं तर साखर खात राहतं,
खात राहतं नि श्वास सोडत राहतं,
आणि बाटलीला खिडकी नसते.
म्हणून गरम पाण्यात उभं करून त्याला निजवायचं, कायमचं.
पण निजवणारी ऊबच
आतला सगळा दडलेला वारा
आधी जागा करते, काचेला भिडवते.
प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे एका ओळीत होतं.
इनासनं हात पुढे करून दाखवलं.

इनास गोटी-सोड्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं,
तोंडावर तारेची जाळी, कोपरापर्यंत चामड्याचे मोजे.
मोजे न घातलेल्या एका दुपारपासून
डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत.
"काच सांगान फुटणा नाय," तो म्हणाला.
"एक उघडून बघलंस?"

नव्हती बघितली.
एक उघडायची म्हणजे एक कमी,
आणि कणकवलीच्या स्टॉलसाठी
मी बावीसच लिहून दिल्या होत्या.

मांगरामागे तीन चिऱ्यांवर भाणं चढवलं,
तळाशी गोधडीचा तुकडा, मानेपर्यंत पाणी,
सुतळीला बांधलेला तापमापक.
झाकणावर पाटा. भोवती ताडपत्री, ती इनासची.
मला ती जरा जास्तच वाटली होती.
पन्नास.
छप्पन्न.
एकसष्टाला
आवाज आला, मोठा नाही,
वाळूत नारळ पडावा तसा.
मग पाण्याचं चरचरणं जाळावर.
मग दुसरा.

माझा हात झाकणाकडे निघालाच होता.
कोणती फुटली एवढंच बघायचं होतं, एवढंच.
न वाकणारी दोन बोटं माझ्या कोपरावर आली.
लांब काठीनं त्यानं लाकडं बाहेर ओढली,
मला गडग्यापलीकडे नेऊन बसवलं.
"थंड होईसर थंय जाव नको."

बसलो.
काजूच्या पानांत वारा नव्हता.
खाडीला भरती लागली, बोटी फिरून उभ्या राहिल्या.
तिसरा आवाज बऱ्याच वेळानं आला,
सगळं विझल्यावर, आम्ही मिठाच्या भावाबद्दल बोलत असताना.
इनास कारखान्यातल्या एका पोराचं सांगायला लागला,
बाबल नावाचा, फार चौकस,
आणि पुढचं न सांगताच विडी शोधायला लागला.

सकाळी पाटा उतरवला.
एकोणीस उभ्या.
फुटलेल्या तिन्ही तपकिरी, जाड,
ज्यांच्यावर माझा भरवसा होता.
गुलाबपाण्याची शाबूत, मान उंच करून, शहाण्यासारखी.
ताडपत्रीत आतून एक तुकडा रुतलेला,
मी काल उभी होते त्या जागी,
गळ्याच्या उंचीला.
इनासनं तो उपटला नाही. मीही नाही.

मग ओल्या पोत्याखाली एकेक बूच सैल केलं,
तोंड फिरवून, हात लांब ठेवून.
पहिलीचा फेस आढ्यापर्यंत गेला.
रस चांगला होता, खरं तर फार चांगला,
आम्ही दोघांनी ओंजळीतून चाखला
आणि बाकीचा माडाच्या आळ्यात ओतला.

वहीत बावीस खोडून शून्य लिहिलं.
त्याखाली, पुढच्या बोंडवांसाठी:
एक बाटली उघडण्याकरता धरावी.